ते शिमाउ : खाऊन टाकलं, करून बसलो, विसरून गेलो... सगळं एकच?

अर्धवट_सेन्सेइ

नमस्कार मंडळी. मी काही मोठी तज्ज्ञ वगैरे नाही, पुण्यात एका आयटी कंपनीत जपानी क्लायंटच्या मेलांची भाषांतरं करते आणि शनिवार-रविवार चार पोरापोरींना एन५-एन४ (जपानीच्या परीक्षेच्या सुरुवातीच्या पातळ्या) शिकवते. तर गेल्या रविवारी क्लासमध्ये "ते शिमाउ" हे जपानीतलं सहाय्यक क्रियापद सुरू झालं आणि दोन तास तिथेच गेले, म्हणून म्हटलं इथे धागा काढावा, इथे जपानी शिकणारे आणि जपानात राहणारे बरेच जण आहेत.

आधी माझीच फजिती सांगते. नोकरीला लागून तीनेक महिने झाले असतील. क्लायंटकडच्या एका बाईंनी एक फाईल पाठवली आणि वाचून घ्या म्हणाल्या. मी इमानदारीत रात्री बसून चाळीस पानं वाचली आणि सकाळी ऐटीत मेल टाकला, "शिर्यो ओ योन्दे शिमाइमाशिता". माझ्या डोक्यात काय होतं, तर "फाईल वाचून टाकली". पुस्तकात लिहिलेलं असतं ना की ते शिमाउ म्हणजे क्रिया पूर्ण होणे, मग झालीच की पूर्ण! पाच मिनिटांत बाईंचं उत्तर, "आरे? चिगाउ शिर्यो ओ ओकुत्ते शिमाइमाशिता का?" म्हणजे, अरे, मी चुकीची फाईल पाठवून बसले की काय? त्यांना वाटलं मी वाचायला नको ती फाईल वाचली आणि आता कबुली देतेय. सरळ "योमिमाशिता", म्हणजे नुसतं "वाचली", लिहिलं असतं तर काही झालं नसतं.

आता गंमत बघा, त्यांच्या त्या एका ओळीत शिमाउ अगदी बरोबर बसलंय. पाठवून *बसले*. आणि माझं होतं वाचून *टाकली*. मराठीत दोन वेगळी क्रियापदं, जपानीत एकच, आणि मी माझं टाकणं त्यांच्या बसण्याच्या जागी नेऊन ठेवलं.

रचना सोपी आहे. जपानी क्रियापदाचं ते-रूप म्हणजे जवळजवळ आपलं ऊन-रूप. ताबेते म्हणजे खाऊन, काइते म्हणजे लिहून, वासुरेते म्हणजे विसरून. त्याच्यापुढे शिमाउ लावायचं आणि मग जे काही काळ, आदर, होकार-नकार करायचं ते शिमाउला करायचं: शिमाइमास, शिमात्ता, शिमाइमाशिता. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे प्रकरण डोक्यावर घ्यावं लागतं, आपल्याला नाही. "ताबेते मिरु" म्हणजे शब्दशः खाऊन बघणे. "कात्ते ओकु" म्हणजे विकत घेऊन ठेवणे. घरातून निघताना जपानी माणूस "इत्ते किमास" म्हणतो, म्हणजे जाऊन येतो, आणि आपली आजी "जातो" म्हटलं की ओरडायची, "येतो म्हण!" हे सगळं आपल्या घरातलंच आहे. फक्त शिमाउ हा एकटा तीन-चार खोल्यांमध्ये राहतो, तिथे घोळ होतो.

तुम्ही सगळे हे कसं शिकलात / शिकवता?

---

एन४_डिसेंबर

ताई मी याच वर्षी डिसेंबरला एन४ देतोय आणि माझ्या वहीत लिहिलंय "शिमाउ = १. पूर्ण होणे २. पश्चात्ताप". पण वाक्य समोर आलं की एक की दोन ते कळतच नाही. "केकि ओ झेम्बु ताबेते शिमात्ता" हे काय आहे? केक संपवला म्हणून खुश आहे की रडतोय?

---

खवचट_काका

केक कुणाचा होता त्यावर आहे. स्वतःचा असेल तर खुश, बायकोने पाहुण्यांसाठी ठेवलेला असेल तर रडतोय. (हलकेच घ्या)

---

अर्धवट_सेन्सेइ

काका तुम्ही विनोद केलात पण उत्तर खरंच तेच आहे :)

@एन४_डिसेंबर, एक आणि दोन असे डबे करूच नकोस. शिमाउ हे मुळात स्वतंत्र क्रियापद आहे, त्याचा अर्थ वस्तू जागच्या जागी आत ठेवून देणे, आवरून ठेवणे. "हिकिदाशि नि शिमाउ" म्हणजे खणात ठेवून देणे. जपानात जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये "कोरोमोगाए" करतात, म्हणजे ऋतू बदलला की कपडे बदलायचे, तेव्हा उन्हाळी कपडे धुऊन, घडी घालून कपाटात टाकायचे, त्याला "शिमाउ" म्हणतात. आपण स्वेटर आणि रजया माळ्यावर टाकतो तसंच. खण लावला, विषय संपला. यातूनच "ओशिमाइ" शब्द आला, लहान मुलांना गोष्ट सांगून झाली की शेवटी म्हणतात, ओशिमाइ! आपली साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

तर क्रियापदाला शिमाउ लावलं की ती क्रिया त्या खणात गेली. खण बंद. आता तिला परत बाहेर काढता येत नाही. एवढंच तो शब्द सांगतो. काम उरकायचं होतं आणि खण बंद झाला तर सुटलो बुवा वाटतं, पाकीट घरी विसरलं आणि खण बंद झाला तर हाय रे दैवा वाटतं. भावना त्या क्रियेतून येते, शिमाउमध्ये भरून ठेवलेली नसते.

---

पेठी_पुणेकर

थोडा असहमत. मी रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण माझा अनुभव असा की बोलण्यातली बहुतेक वाक्यं वाईट वाटण्याचीच असतात. "पूर्ण झालं" हा अर्थ पाहिजे असेल तर जपानी माणूस बरोबर काहीतरी टेकू देतो. "मो" म्हणजे आधीच, "झेम्बु" म्हणजे सगळं, "मादे नि" म्हणजे अमुक वेळेपर्यंत. "श्युकुदाइ वा मो यात्ते शिमाइमाशिता", होमवर्क केव्हाच करून टाकलं. "हिरु मादे नि काइते शिमाइमास", दुपारपर्यंत लिहून टाकतो. टेकू काढला की वाक्य पश्चात्तापाकडे कलंडतं. तुमच्या मेलात टेकू नव्हता म्हणून तुमची फाईल कलंडली. "मो झेम्बु योन्दे शिमाइमाशिता" म्हटलं असतं तर निदान त्या बाई घाबरल्या नसत्या.

---

अर्धवट_सेन्सेइ

हे एकदम पटलं, टेकू हा शब्द उद्यापासून क्लासमध्ये वापरणार, रॉयल्टी मागू नका.

एकच भर, भविष्यकाळात बहुधा काम उरकण्याचाच अर्थ येतो, कारण अजून न केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप कोण करणार? "काइते शिमाइमास" मी स्वतःबद्दल म्हटलं की ते लिहून टाकते हेच. अर्थात "कोनो मामा दा तो ओकुरेते शिमाउ" म्हणजे असंच चाललं तर उशीर होऊन जाईल, हे भविष्यातलं असूनही वाईटच. पण ते माझ्या हातात नसलेलं आहे. म्हणजे मुद्दा परत तोच, करणारा मी ठरवून करतोय की माझ्या हातून निसटतंय.

---

निशीकासाईकर

वाचतोय, मस्त चाललंय. तोक्योत सहा वर्षं झाली. मला वाटतं मराठी माणसाने टाकणे, बसणे, जाणे ही तीन क्रियापदं समोर ठेवावीत आणि जपानी वाक्य ऐकलं की मनात यातलं कुठलं बसतं ते बघावं.

ठरवून उरकलं की टाकणे. लिहून टाकलं, सांगून टाकलं, विकून टाकलं.
माझ्याच हाताने केलं आणि आता निस्तरायचंय की बसणे. बोलून बसलो, होकार देऊन बसलो, प्रेमात पडून बसलो.
आपोआप झालं, कुणी केलं नाही की जाणे. विसरून गेलो, फुटून गेलं, सुकून गेलं.

या तिन्हीला जपानी एकच शिमाउ लावतात. "इत्ते शिमात्ता" म्हणजे बोलून बसलो, "वासुरेते शिमात्ता" विसरून गेलो, "उत्ते शिमात्ता" विकून टाकलं. आणि रडू, हसू, झोप ही चौथी खोली: "नाइते शिमात्ता" म्हणजे रडूच आलं, आवरलं नाही. इथे आपण वेगळं क्रियापद न लावता नुसता "च" लावतो.

पण उलट्या बाजूने जाऊ नका!! आपण मराठीत उठसूट टाकतो आणि घेतो. मेल करून टाक, जेवून घे, दार लावून घे, पैसे देऊन टाक. या प्रत्येकाला शिमाउ लावलंत तर जपानी माणसाला वाटेल या माणसाच्या आयुष्यात रोज काहीतरी दुर्घटना होतेय.

---

ओसाकाची_सूनबाई

निशीकासाईकर दादा, +१. आमच्या ऑफिसमध्ये एक बंगाली मुलगा नवीन आला होता, सगळ्यांना आत्मविश्वासाने सांगत सुटला "बुच्यो गा किते शिमाइमाशिता", म्हणजे त्याला म्हणायचं होतं साहेब येऊन पोचले, आणि ऐकणाऱ्याला ऐकू आलं साहेब टपकले!! दोघी जणी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. साहेबही हसले, चांगले आहेत बिचारे.

दुसऱ्याच्या कृतीला शिमाउ लावलं की "त्याने हे करायला नको होतं" असा वास येतो, हे लक्षात ठेवा. "तो घरी गेला" हे "काएरिमाशिता", आणि "काएत्ते शिमाइमाशिता" म्हणजे गेला की हो निघून, आता मी कुणाला विचारू.

अवांतर: इकडे ओसाकात कुणी शिमात्ता म्हणत नाही. "वासुरेते शिमात्ता"चं इकडे "वासुरेतेमोता" होतं. माझ्या सासूबाई काही पडलं-सांडलं की "शिमोता!" म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं त्या शेजारच्या कुणाला तरी हाक मारतायत.

---

एन४_डिसेंबर

हसून हसून पुरेवाट!! शिमोताबाई 😂

पण मला एक सांगा, नुसतं "शिमात्ता!" म्हणजे काय? ॲनिमेमध्ये दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडतं.

---

पेठी_पुणेकर

तेच. खण बंद झाला. मराठीत "गेलं!", "मेलो!", "झाला का घोळ!" जे काय म्हणाल ते.

आणि एक फाटा. दार बंद होणे याला जपानीत "शिमारु" म्हणतात आणि त्याचाही भूतकाळ "शिमात्ता", ते-रूपही "शिमात्ते". म्हणजे किल्ली आत राहिली आणि मागे दार लागलं की वाक्य होतं "दोआ गा शिमात्ते शिमात्ता". पहिलं शिमात्ते दाराचं, दुसरं शिमात्ता नशिबाचं. कान्जी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) वेगवेगळ्या आहेत, आणि सहाय्यक म्हणून आलेला शिमाउ तर बहुतेक वेळा हिरागानातच (उच्चाराप्रमाणे लिहायच्या लिपीत) लिहितात, त्यामुळे लिहिताना गोंधळ होत नाही, ऐकताना होतो.

---

गोंधळी

माझा प्रश्न वेगळाच आहे. पुस्तकात ते शिमाउ शिकलो आणि प्रत्यक्षात कुणी ते बोलतच नाही. सगळीकडे च्यात्ता, ज्यात्ता, च्याउ. हे काय प्रकरण आहे? आणि लिहायला घेतलं की च्यात्ता कुठे लिहायचं आणि कुठे नाही?

---

अर्धवट_सेन्सेइ

बोलण्यातली घाई. "ते शिमाउ"चं "च्याउ" आणि "दे शिमाउ"चं "ज्याउ". आपण नाही का "काय करत आहेस"चं "काय करतेस" करून टाकलं. वासुरेते शिमात्ता → वासुरेच्यात्ता. नोन्दे शिमात्ता, पिऊन टाकलं → नोन्ज्यात्ता. शिन्दे शिमात्ता, मेला बिचारा → शिन्ज्यात्ता. उच्चार चहातल्या च चा करा, चमच्यातल्या च चा नको.

हे अशिष्ट नाहीये. ऑफिसात बरोबरच्या माणसाला "वासुरेच्याइमाशिता" आरामात चालतं, शेवटी आदराचं माशिता आहेच. फक्त क्लायंटच्या मेलात, अर्जात, निबंधात पूर्ण रूप लिहा. अजून एक "वासुरेचिमात्ता" असं रूप ऐकाल, ते रांगडं आहे, पुरुषी, पिक्चरमधल्या टपोरीचं, ते आपण वापरायच्या भानगडीत पडू नये.

आणि एक खड्डा दाखवून ठेवते कारण त्यात माझे सगळे विद्यार्थी पडतात. "ताबेच्या दामे" यातला च्या हा शिमाउचा *नाही*. तो "ताबेते वा दामे"चा आहे, खाऊ नकोस. च्या नंतर दामे किंवा इकेनाइ आलं की तो मनाई करणारा, च्या नंतर उ, त्ता, इमास, ओ आलं की आपला शिमाउ.

---

निशीकासाईकर

"च्याओ" राहिलं की! ओ लावला की भर घालणारा, फूस लावणारा अर्थ येतो. "ताबेच्याओ", चल खाऊनच टाकू. "काच्च्याओ का ना", घेऊनच टाकावं का? आणि घेतल्यावर मैत्रिणीला फोटो पाठवून "काच्च्यात्ता!", घेतलंच बाई शेवटी. आता इथे पश्चात्ताप कुठाय सांगा, चेहरा उजळलेला असतो. जरा लाडिक गुन्हा कबूल केल्यासारखं. बायको आत्ताच मागून वाचतेय त्यामुळे उदाहरण कुठून आलं ते सांगत नाही.

तसंच न कळवता कुणाच्या दारात उभं राहून "किच्यात्ता!" म्हणजे, आलेच मी! गुन्हा आहे पण गोड आहे.

---

खवचट_काका

म्हणजे दीक्षितांच्या मुलाने परजातीतल्या मुलीशी लग्न केलं तर दीक्षित म्हणणार शिमात्ता आणि मुलगा म्हणणार च्यात्ता. समजलं.

---

अर्धवट_सेन्सेइ

काका तुम्ही क्लास लावाच आता.

---

गोंधळी

@अर्धवट_सेन्सेइ, "इच्च्यात्ता" म्हणजे नक्की काय? एका ठिकाणी "बोलून बसलो" होतं आणि दुसऱ्या ठिकाणी "निघून गेली".

---

अर्धवट_सेन्सेइ

दोन्ही. इउ म्हणजे बोलणे, त्याचं ते-रूप इत्ते. इकु म्हणजे जाणे, त्याचंही इत्ते. "देन्श्या गा इच्च्यात्ता" म्हणजे गाडी निघून गेली (गाडी बोलू शकत नाही), "होन्तो नो कोतो ओ इच्च्यात्ता" म्हणजे खरं ते बोलून बसलो. "ओ" हा कर्माचा प्रत्यय आणि संदर्भ बघायचा.

आणि "इच्च्याइना" म्हणजे सांगून टाक ना! इथे आपलं टाकणं आणि त्यांचं शिमाउ अगदी हातात हात घालून.

---

ओसाकाची_सूनबाई

मला एक महत्त्वाचं वाटतं ते सांगते, माफीचं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचा एक कप माझ्या हातून फुटला. निळ्या नक्षीचा होता, पाचाच्या सेटमधला. मी मराठी मनाने भाषांतर केलं, "कप फुटला", "काप्पु गा वारेमाशिता". म्हणजे आपल्याकडे असंच म्हणतात ना, आई गं, कप फुटला! आपण कधी "मी कप फोडला" म्हणतो का, तसं फक्त राग आल्यावर भिंतीवर मारून फोडलेल्या कपाला म्हणतात. अगदीच जबाबदारी घ्यायची असली तर "माझ्या हातून फुटला".

सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी कागदात तुकडे गुंडाळले, वर पेनाने लिहिलं की आत काच आहे, कचरा नेणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. संध्याकाळी नवऱ्याने मला समजावलं की असं म्हटलं की कप आपल्या मनाने फुटला, माझा काय संबंध, असं वाटतं. इथे म्हणायचं "वात्ते शिमाइमाशिता". वारेरु म्हणजे फुटणे, वारु म्हणजे फोडणे. जपानी माणूस चुकून फुटलेल्या कपालाही *फोडणे* हेच क्रियापद घेतो, जबाबदारी अंगावर घेतो, आणि वर शिमाउ लावतो, म्हणजे हेतू नव्हता, वाईट वाटतंय, पण केलं मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसं म्हणून आले. त्या म्हणाल्या अगं चार जण आहोत, चार कप पुरतात.

---

पेठी_पुणेकर

क्या बात है. हा प्रतिसाद पाठ्यपुस्तकात छापायला पाहिजे. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, जाळणे-जळणे या जोड्या आपल्याकडे आहेत तशाच जपानीत आहेत, वारु-वारेरु, कोवासु-कोवारेरु. जोड्या सारख्या पण कुठली केव्हा उचलायची ती पद्धत वेगळी. "पासोकोन गा कोवारेते शिमाइमाशिता" म्हणजे कॉम्प्युटर बिघडला बुवा. "कोवाशिते शिमाइमाशिता" म्हणजे माझ्याकडून बिघडला, सॉरी.

---

एन४_डिसेंबर

वाचनखूण साठवली. थांबा मी प्रयत्न करतो, चुका काढा.

१. पाकीट ट्रेनमध्ये विसरलो: साइफु ओ देन्श्या नि वासुरेते शिमाइमाशिता.
२. काल लवकर झोप लागून गेली: किनो हायाकु नेच्याइमाशिता.
३. उशीर झाला, माफ करा: ओकुरेते शिमात्ते सुमिमासेन.
४. मी होमवर्क करून टाकलं नाही: श्युकुदाइ ओ यात्ते शिमाइमासेन् देशिता.

---

अर्धवट_सेन्सेइ

पहिली तीन पैकीच्या पैकी. चौथ्यासाठी थांब, ते आधी मराठीत मोठ्याने म्हणून बघ. "मी होमवर्क करून टाकलं नाही." असं कोण म्हणतं? "केलं नाही" म्हणतो आपण. जे खणात गेलंच नाही त्याच्या खणाची गोष्ट कशाला करायची. जपानीतही तेच, सरळ "यारिमासेन् देशिता" किंवा "यात्ते इमासेन".

पण "विसरून जाऊ नये म्हणून लिहून ठेवते" हे आपण म्हणतो ना? तसं "वासुरेते शिमावानाइ यो नि" हे चालतं. होऊ नये ते टाळायचं असेल तर नकार चालतो.

---

खवचट_काका

"मी तुझा डबा खाऊन नाही टाकला!" हे मी पंचवीस वर्षं ऑफिसात म्हणत आलोय. नकार आहे, टाकणंही आहे.

---

अर्धवट_सेन्सेइ

काका बरोबर पकडलंत. आरोप फेटाळताना चालतं, कारण दुसऱ्याने आधीच "खाऊन टाकला" म्हटलेलं असतं आणि तुम्ही ते अख्खं वाक्य उचलून परत करता. जपानीतही तसं करायचं तर "ताबेच्यात्ता वाके ज्या नाइ", खाऊन टाकला असं काही नाहीये. माझा नियम सुधारून घेते. (डबा तुम्हीच खाल्ला असणार.)

---

निशीकासाईकर

डब्यावरून आठवलं. मी एकदा चक्क स्टीलचा डबा लोकलच्या रॅकवर विसरलो होतो. वासुरेमोनो म्हणतात विसरलेल्या वस्तूला, मोठ्या स्टेशनवर त्याचं काउंटर असतं. मी गेलो आणि म्हटलं, "सुमिमासेन, देन्श्या नि बेन्तोबाको ओ वासुरेते शिमात्तान् देस गा..." आणि तिथेच थांबलो, कारण क्लासमध्ये शिकवलं होतं की "देस गा" म्हणून वाक्य लोंबकळत सोडायचं, पुढचं समोरचा ओळखतो. आणि खरंच ओळखलं! कितीची गाडी, कुठला डबा (गाडीचा), कुठल्या रंगाचा डबा (माझा). मी म्हटलं रंग नाही, स्टील. त्याने हाताने गोल करून दाखवलं, असा? मी म्हटलं असाच, तीन मजली. संध्याकाळी मिळाला, आतल्या भेंडीसकट.

त्या एका वाक्यात जे शिमात्ता आहे ना, ते काढून नुसतं "वासुरेमाशिता" म्हटलं असतं तरी डबा मिळाला असता. पण मग ती नुसती माहिती झाली असती. शिमात्तान् देस गा म्हटल्यावर समोरच्याने आधी "आरारा" केलं आणि मग फॉर्म काढला.

---

गोंधळी

परीक्षेत हे कसं विचारतात? शिमाउची यादी वगैरे अधिकृत कुठे मिळेल?

---

पेठी_पुणेकर

२०१० साली परीक्षा बदलली, चार पातळ्यांच्या पाच झाल्या, तेव्हापासून आयोजक व्याकरणाच्या अधिकृत याद्या छापत नाहीत. बाजारात आहेत त्या सगळ्या पुस्तकवाल्यांनी केलेल्या. ते शिमाउ सर्वसाधारणपणे एन४ मध्ये धरतात. आणि ऐकण्याच्या भागात च्यात्ता येणारच हे धरून चाला, त्यामुळे नुसतं पूर्ण रूप पाठ करून गेलात तर संवाद कानावरून निघून जाईल. परीक्षा सगळी पर्यायांचीच आहे, बोलायला लावत नाहीत, म्हणून लोक बोलायची सवय करत नाहीत आणि मग एन३ पास होऊन ऑफिसात मुके होतात. असो, तो वेगळा धागा.

---

ओसाकाची_सूनबाई

जाता जाता अजून एक शब्द. दुकान कायमचं बंद करणे किंवा रात्री बंद करणे याला "मिसेजिमाइ" म्हणतात, त्यातला जिमाइ म्हणजे हाच शिमाउ. आणि हल्ली इकडे "हाकाजिमाइ" फार ऐकू येतं, गावाकडच्या घराण्याच्या थडग्याची काळजी घ्यायला कुणी उरत नाही म्हणून ते रीतसर बंद करून अस्थी दुसरीकडे हलवतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी मागच्या वर्षी केलं. सांगताना ते म्हणाले "शिमात्ते शिमाइमाशिता", आवरून टाकलं एकदाचं. मला त्यातला टाकलं की बसलो ते आजपर्यंत कळलेलं नाही.

---

खवचट_काका

आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला रात्री "दुकान वाढवलं" म्हणतो. बंद केलं म्हणणं अशुभ. बांगडी पण फुटत नाही, वाढवते.

---

अर्धवट_सेन्सेइ

सूनबाई, आजोबांचं वाक्य उद्या क्लासमध्ये फळ्यावर लिहिणार आहे, काही न सांगता, बघू पोरं काय म्हणतात.

मंडळी धन्स, पण एक वाईट बातमी. मी शेवटचे चार प्रतिसाद टाइप करत होते तेव्हा गॅसवर वरण उकळायला ठेवलं होतं. आत्ता वास आला. तळाला पार काळं झालंय.

---

एन४_डिसेंबर

कोगेच्यात्ता! करपून गेलं! बरोबर ना ताई??

---

ओसाकाची_सूनबाई

@अर्धवट_सेन्सेइ, अगं ते कोगेरु, आपोआप करपणं. घरच्यांना सांगताना "कोगाशिच्यात्ता" म्हण, करपवलं मी. कप आठव.

---

अर्धवट_सेन्सेइ

घरी जपानी कुणाला येत नाही. मी "वरण करपलं" एवढंच सांगणार आहे आणि खिडक्या उघडून ठेवणार आहे.